एकोणतीस मीटरांचा फिता

मित्रांनो, माझ्या अंगावर तीस मीटर छापलेलं आहे, पण मी भरतो एकोणतीसच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला खोटारडा म्हणायला नको. मी मोजमापाचा एक जुना फिता आहे. कापडी, मेण लावलेला, विणीत पितळेच्या बारीक तारा घातलेला. चामड्याच्या गोल डबीत मी गुंडाळून बसतो. डबीवरची मूठ फिरवली की मी आत येतो. बाहेर मात्र मला हाताने ओढूनच काढावं लागतं. तेवढा मान मी घेतोच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे जमिनीत पितळेची एक पट्टी बसवलेली होती आणि प्रत्येक नव्या फित्याला तिच्या शेजारी आडवं व्हावं लागायचं. तपासणाऱ्या बाई महाकडक! माझ्या आधीचे चार जण त्यांनी कात्रीने कापून टोपलीत टाकले. त्यांनी मला तीनदा ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "हा जाऊ दे." पुढे आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं, पण त्या तीन शब्दांची सर कशालाच आली नाही.

मला ज्यांनी विकत घेतलं त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. इमारतींची किंमत सांगणं हा त्यांचा व्यवसाय. तुम्ही म्हणाल, त्यात काय, इमारत बघायची आणि आकडा सांगायचा! छे हो. एखादं घर कितीचं, हे त्या घराकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. त्याच्यासारखी दुसरी घरं अलीकडे कितीला विकली गेली ते शोधायचं, ती घरं मोजायची, त्यातलं लहानमोठं, नवंजुनं वळतं करायचं आणि मग आपल्या घराचा आकडा काढायचा. म्हणजे सगळा खेळ तुलनेचा, आणि तुलना उभी कशावर? मापावर. माप कोण देणार? मी! उगाच नाही मी ताठ्यात असायचो.

तो ताठा एका फाटकाने उतरवला. आम्ही एक गोदाम मोजत होतो. वाऱ्याने लोखंडी फाटक धाडकन बंद झालं आणि माझा पहिला मीटर त्यात सापडून चिंध्या झाला. सगळे म्हणाले, नवा घ्या. मोठ्या साहेबांनी मला चपला शिवणाऱ्याकडे नेलं, एक मीटरच्या खुणेवर बरोबर कापायला लावलं आणि तिथे कडी पुन्हा शिवून घेतली. तेव्हापासून माझी सुरुवात शून्यापासून होत नाही, एकपासून होते. भिंत सोळा मीटर असली तर माझ्यावर सतरा दिसतात. वाचताना मोठे साहेब मनातल्या मनात एक वजा करायचे आणि खरा आकडा मोठ्याने सांगायचे. बारा वर्षं त्यांनी असं केलं, एकदाही चुकले नाहीत.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि धंदा त्यांच्या मुलीने हातात घेतला. हिला लोक मोजणीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिला चालतं. तिने वही लिहायला एक काका ठेवले. ते वहीवाले काका. या दोघांची पद्धत वेगळी होती. बाई माझ्यावर दिसेल तोच आकडा जसाच्या तसा सांगायची आणि एक वजा करायचं ते काका, लिहिताना. तेही बिनचूक. दोन्ही पद्धती चांगल्याच होत्या, मित्रांनो. फक्त त्या दोन पद्धती एका दिवशी एकत्र आल्या.

झालं काय, एक जुनं थिएटर बाईकडे किंमत काढायला आलं. एकच पडदा, एकवीस ओळी, ओळीत सव्वीस खुर्च्या. मालक दोघं, बहीण आणि भाऊ. ताई गेली पंचवीस वर्षं तिथल्या तिकीटखिडकीत बसत होती. खिडकीच्या काचेला तिच्या कपाळाएवढ्या उंचीवर एक कायमचा डाग पडला होता, इतकी ती वाकून बोलायची. भाऊ दुसऱ्या गावी रंगाचं दुकान चालवायचा. त्याला आपला अर्धा हिस्सा मोकळा करून हवा होता. एका बिल्डरला थिएटर पाडून तिथे दुकानं बांधायची होती. शेवटी भावाबहिणीत असं ठरलं की मोजणीबाई जी किंमत काढेल ती दोघांनी मानायची. ठरल्या दिवशी दुपारी बाराच्या आत ताईने अर्धी रक्कम दिली तर थिएटर तिचं. नाही जमलं, तर बाराच्या ठोक्याला बिल्डरचं.

आता थिएटरांची तुलना करायची म्हणजे डोक्याला ताप. घराशेजारी घर असतं, थिएटराशेजारी थिएटर कुठून आणायचं? बाईने आसपासच्या गावांत चार विक्र्या शोधून काढल्या. एका थिएटरचं आता फर्निचरचं गोदाम झालं होतं. पडद्याच्या जागी कपाटं उभी होती. दुसऱ्याचा समारंभाचा हॉल झाला होता. तिसरं तर पाडूनच टाकलं होतं, पण पायाची रेघ जमिनीत दिसत होती. बाई आणि काकांनी मला चिखलात लोळवून ती मोजली. चौथं सगळ्यात महागात गेलं होतं. बाईने तिथल्या पहारेकऱ्याशी तासभर गप्पा मारल्या. त्यातून कळलं की घेणाऱ्याचा कारखाना त्या थिएटरच्या मागेच होता आणि त्याला रस्त्यावर यायला दुसरी वाटच नव्हती. "अडलेल्या माणसाने दिलेला भाव हा बाजारभाव नव्हे," असं म्हणून बाईने चौथी विक्री गाळली. राहिल्या तीन. तिन्ही ठिकाणी बाई वाचत होती, काका वजा करत होते. माप चोख.

मग ताईचं थिएटर मोजायचा दिवस आला आणि मोठे साहेब म्हणाले, "मी येतो. ते थिएटर मी बघितल्याशिवाय राहायचा नाही." दर आठवड्याला मधल्या ओळीत बसणारा माणूस तो. त्यांना कोण अडवणार? बाईने कडी भिंतीला धरली. डबी मोठ्या साहेबांच्या हातात होती. जुन्या सवयीचे हात! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. माझ्यावर सतरा दिसत होते. मोठे साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, "सोळा!" आणि काकांनी ओठांतल्या ओठांत पुटपुटत वहीत लिहिलं, पंधरा.

माझ्या काळजात धस्स झालं. लांबीला माझ्यावर अठ्ठावीस होते. साहेब म्हणाले सत्तावीस, काकांनी लिहिलं सव्वीस. अहो काका, वजा झालंय! साहेब, तुम्ही तरी वहीत डोकवा! पण फित्याला तोंड नसतं. मूठ फिरली, मी गरागरा डबीत गेलो आणि झाकण टिचकन बंद झालं.

किंमत बाई हॉलच्या क्षेत्रावरून काढायची. मग खात्रीसाठी खुर्चीमागे काय पडतं तेही बघायची. तिन्ही विकलेल्या थिएटरांच्या खुर्च्या जुन्या कागदांवरून घेतल्या होत्या आणि तिथे दोन्ही हिशेब जुळले होते. इथे मात्र खुर्च्यांचा आकडा बराच वर गेला. बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. काका म्हणाले, "जुनं थिएटर आहे, खुर्च्या दाटीच्या असतील." बाई म्हणाली, "खुर्च्या काय, उद्या उचलून नेता येतात. भिंती हलत नाहीत. क्षेत्राचाच आकडा धरू." मी डबीत तडफडलो. भिंतींवरचा भरवसा म्हणजे माझ्यावरचा भरवसा, आणि तोच चुकीच्या जागी ठेवला जात होता.

त्या आकड्यावर ताईने बँकेचं कर्ज मिळवलं. बँकेने तेवढ्यापुरतंच दिलं, वर काही नाही.

ठरलेला दिवस उजाडला. सकाळी अकराला सगळे थिएटरच्या पुढच्या दालनात जमले. भिंतीला मोठा आरसा, दोन बाकडी, तिकीटखिडकीवर घड्याळ. बिल्डरचा माणूस आपली फाईल मांडीवर घेऊन अगदी दाराशी बसला होता. त्याच्या कमरेला लोखंडी टेप लटकत होता, पाच मीटरचा, चकचकीत, पिवळा. दाबला की आपोआप आत पळणारा. असल्यांशी मी बोलत नाही.

भाऊ अहवालाची पानं उलटत होता आणि प्रत्येक पानागणिक त्याचं कपाळ आक्रसत होतं.

"ही चौथी विक्री का गाळली?" त्याने विचारलं. "सगळ्यात महागाची तेवढी बरोबर बाजूला काढलीत!"

"कारण लिहिलंय खाली," मोजणीबाई म्हणाली. "घेणारा अडलेला होता."

"आणि तुमचे बाबा? ते तर इथले कायमचे. ताईच्या हातचं तिकीट घेणारे."

"तिकीट विकत घ्यायचो," मोठे साहेब बाकावरून गुरगुरले. "फुकट नाही."

"अरे, किती ताणशील?" ताई म्हणाली. "तूच म्हणालास ना, बाई सांगतील तो आकडा. मग कर की सही."

भावाने घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. त्याने पेनाचं टोपण काढलं, तोंड वाकडं केलं आणि सही ठोकली. बिल्डरच्या माणसाने सुस्कारा सोडला. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"थांबा, मी सही करायच्या आधी एकदा हॉल बघून घ्या सगळे," ती म्हणाली. "बाई, तुम्ही नवा गालिचा कुठे बघितलाय? तुम्ही मोजून गेलात आणि दुसऱ्या दिवशी टाकून घेतला. चला तर खरं!"

तिने सगळ्यांना आत ओढत नेलं. बाईच्या खांद्यावरच्या पिशवीत मी होतो. दिवे लागले. खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंच्या वाटांवर, भिंतीपासून खुर्चीपर्यंत, लालभडक गालिचा पसरलेला होता.

"दीड मीटरचा पन्हा!" ताई कौतुकाने म्हणाली. "दुकानदार म्हणत होता, कापावा लागेल, दुमडावा लागेल. म्हटलं, आणून तर टाका. आणि बघा! दोन्हीकडे कसा भिंतीला भिडून बसलाय. बोटभरसुद्धा कापावा लागला नाही."

मोजणीबाई कौतुकाचं काहीतरी बोलायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मला पिशवीतून तिचं बोट जाणवत होतं, ती माझ्या डबीवर हिशेब करत होती. ओळीत सव्वीस खुर्च्या, अर्ध्या मीटरची एक. झाले तेरा. दोन्ही बाजूंचा गालिचा दीड आणि दीड. झाले सोळा. वहीत किती? पंधरा!

ती मटकन कडेच्या खुर्चीत बसली.

"काका," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी बाबा आकडे सांगत होते, तेव्हा तुम्ही काय लिहिलंत?"

"नेहमीचंच. एक वजा करून."

बाईने मान वळवून वडिलांकडे बघितलं. मोठे साहेब काठी टेकत येत होते. "बाबा, तुम्ही आकडा सांगताना..."

"वजा करूनच सांगतो मी. का गं?" इतकं बोलून ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. शहाणा माणूस, पुढचं सांगावं लागलं नाही.

मित्रांनो, या दोघांनीही काळजी घेतली होती. एकच काळजी दोघांनी घेतली, एवढंच चुकलं होतं.

काका वाकून बाईच्या कानाशी लागले. "बाई, भावाची सही झालीय. ताईंचं काम होतंय. आता कुणाला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. थिएटर वाचत होतं. मोठ्या साहेबांचं नाव वाचत होतं. बाईचा धंदा वाचत होता. तोंड उघडलं की तिन्ही गोष्टी गेल्या. समोर ताई गालिच्याची एक कडा पायाने सारखी करत उभी होती आणि आनंदाने गुणगुणत होती. मला वाटलं, बाईने मला पिशवीतच ठेवावं. खरंच वाटलं! आयुष्यभर खऱ्या मापाच्या गमजा मारणारा मी, त्या क्षणी मला वाटलं की गप्प बसावं.

बाईने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"सही कुणी करू नका," ती म्हणाली. "झालेलीही धरू नका. माझ्या मापात चूक आहे. हॉल वहीत लिहिलाय त्यापेक्षा मोठा आहे."

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग भावाच्या आवाजाने हॉल घुमला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच! ताईसाठी आकडा पाडला!"

"पाडला नाही, चुकून पडला," मोठे साहेब पुढे आले. "चूक माझी आहे. मी एक वजा करून सांगितलं आणि यांनी त्यातून पुन्हा एक वजा केलं. पोरीचा त्यात काही दोष नाही."

"कशावरून? आणि हा चिंधी टेप तरी खरा कशावरून?"

चिंधी! मला! पण रागवायला वेळ नव्हता, साडेअकरा वाजत आले होते. बाईने माझी सगळी कहाणी सांगितली, फाटक, कात्री, कडी, काहीही न लपवता. बिल्डरचा माणूस तर खुशीतच होता. त्याने आपणहून कमरेचा पिवळा टेप काढून दिला. "घ्या, ताडून बघा." मला खुर्च्यांच्या पाठीवर आडवं टाकलं आणि तो पोरगा माझ्या शेजारी. त्याचे पाच मीटर संपले तिथे माझ्यावर सहा होते. अगदी रेघेला रेघ. इतक्या वर्षांनी, इतका चिखल खाऊन! पिवळ्याने एक अक्षर काढलं नाही.

"आता कडी तुम्ही धरा," बाई भावाला म्हणाली. "भिंतीला टेकवा. आणि वाचायलाही दुसरं कुणी हवं असेल तर घ्या."

भावाने कडी मुठीत आवळली आणि रागाच्या भरात असा हिसका दिला की माझी शिवण करकरली. चपला शिवणाऱ्याने घातलेले दोन टाके तटातट उसवले. मी आत्ता तुटलो असतो तर सगळे म्हणाले असते, बघा, पुरावाच नाहीसा केला. बाई दुसऱ्या भिंतीपासून ओरडली, "ओढू नका हो! नुसता ताठ धरा, तो म्हातारा आहे!" भावाने हात सैल केला. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून सरळ राहिलो. बिल्डरचा माणूस वाकून वाचू लागला. "सतरा. म्हणजे सोळा." मग लांबी. "अठ्ठावीस. म्हणजे सत्तावीस."

काकांनी कोऱ्या पानावर आकडे मांडले. थिएटरची किंमत दहा हिश्शांत एक हिश्शाने वाढली होती, आणि त्याबरोबर ताईने भावाला द्यायची अर्धी रक्कमही. बँकेचं कर्ज जिथल्या तिथे. घड्याळात पावणेबारा.

ताई पहिल्या ओळीत बसली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. "तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, बाई?" ती म्हणाली. "मी काय कुणाला लुबाडत होते? पंचवीस वर्षं झाली. गळकं छप्पर माझं, बिघडलेलं मशीन माझं, शिव्या घालणारी माणसं माझी. एक मीटर जास्त की कमी, कोण विचारायला येणार होतं?"

बाई तिच्यासमोर गालिच्यावरच बसली. "दुसरी थिएटरं येणार होती, ताई," ती म्हणाली. "तीन विक्र्या मी धरल्या, तिन्ही बंद करायला विकत घेतलेल्या. चालू ठेवण्यासाठी कुणी थिएटर घेतलंय, अशी एकसुद्धा विक्री मला सापडली नाही. तुमची पहिली असती. उद्या कुठल्याही गावातलं थिएटर मोजायला कुणी बसेल, तेव्हा तुमचा आकडा समोर ठेवेल. तो खोटा असला तर माझी चूक किती हॉलमध्ये फिरेल, मला मोजतासुद्धा येणार नाही." तिने भावाकडे एकदा बघितलं. "आणि तुमच्या भावाचाही तो हिस्सा होता. मला माफ करा. मला फार वाईट वाटतंय."

ताई रडायला लागली. मोठे साहेब तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. मी माझं उणं घेऊन गालिच्यावर पसरलो होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बिल्डरच्या माणसाने घसा खाकरला आणि फाईल उघडली. "मग... बारा वाजत आलेत."

"थांबा हो जरा," भाऊ म्हणाला. माझी कडी अजून त्याच्या हातातच होती. तो बाईकडे बघत होता, पण त्याचा आवाज आता वेगळाच होता. "तुम्हाला हे कळलं, तेव्हा माझी सही होऊन गेली होती?"

"हो."

"तुम्ही बोलला नसता तर मला जन्मात कळलं नसतं."

"नसतं कळलं."

तो गालिच्याच्या कडेने दोन पावलं चालला, परत आला. "मला वाटायचं, सगळे मिळून मला गंडवतायत," तो म्हणाला. "ताई तू, बँक, ह्या बाई, सगळे. म्हणून मला मोकळं व्हायचं होतं. काका, ताईला नेमकं किती कमी पडतंय? रक्कम नका सांगू. थिएटरच्या मानाने सांगा."

काकांनी दोनदा गुणाकार केला, दोनदा खोडला. "एकूण खुर्च्या पाचशे सेहेचाळीस धरल्या तर... सव्वीस खुर्च्या. म्हणजे एक ओळ. आणि वर अर्धी खुर्ची."

"मग ती ओळ माझ्या नावावर राहू दे," भाऊ म्हणाला. "बाकी थिएटर तिचं. अर्धी खुर्ची सोडली."

ताईने पदराने डोळे पुसले आणि मान वर केली. "कुठली ओळ?"

"शेवटची. मधोमध."

"शेवटची बरी देईन! पडद्यासमोरची पहिली घे. मान मोडून बघत बस."

"ताई!"

"आणि तिकीट काढून बसायचं. खिडकीवर मी असते."

भाऊ हसला. मग त्याने माझी कडी उगाचच भिंतीला टेकवून ठेवली. बाईने नवा कागद काढला, काकांनी खरा आकडा लिहिला, त्याखाली ओळीची नोंद केली. मोठ्या साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पहिलं माप त्यांच्यामुळे चुकलं होतं. बाई म्हणत होती, राहू द्या. ते म्हणाले, "राहू कसं द्यायचं? लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी तुझ्यावर ढकलेल." बाराला सहा मिनिटं कमी असताना बहीणभावाच्या सह्या झाल्या. बिल्डरच्या माणसाने पिवळा टेप कमरेला अडकवला आणि तो निघून गेला.

तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर बाईने भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं यंत्र आणलं. मी टेबलाच्या खणात गेलो. बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. मोठे साहेब कचेरीत यायचे, पण त्या खणाकडे बघायचे नाहीत. मला एकटं एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू? एक दिवस बाईने मला काढलं, उसवलेले टाके घालून घेतले आणि डबीच्या चामड्यावर दाभणाने मोठी अक्षरं कोरून घेतली: 'एकपासून सुरू. लिहिणाऱ्याने वजा करावं.' मग डबी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती अक्षरं अंगठ्याने दोन-तीनदा चाचपली आणि म्हणाले, "हे मी तेव्हाच करायला हवं होतं."

परवा दूरच्या गावाहून फोन आला. तिथेही एक जुनं थिएटर विकायला निघालंय, आणि तिथल्या मूल्यांकन करणाऱ्याला तुलनेला विक्री हवी होती, पाडायला घेतलेली नको, चालू ठेवायला घेतलेली. त्याला सगळ्यांनी आमच्याच कचेरीचं नाव सांगितलं होतं. काकांनी वही काढून आकडा सांगितला. पलीकडून तो काहीतरी म्हणाला. काका म्हणाले, "हो, खात्रीचा आहे. नाही तर दिला नसता."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, थोडी तुटलेली, थोडी कमी भरणारी, तर तिला फेकू नका आणि तिचं उणं लपवूही नका. तिच्या अंगावर स्वच्छ लिहून ठेवा, म्हणजे जो हातात घेईल त्याला ती खरं सांगू शकेल. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीने बोलायचं काम तुमचं आहे, आणि ते वेळेवर करा. त्या गावातलं थिएटर मी पाहिलेलं नाही, पण ते मोजायला कुणीतरी उद्या सकाळी निघणार आहे, आणि त्याच्या वहीत पहिल्या ओळीत आमचा आकडा लिहिलेला आहे.